मिठाच्या घरातली गोगलगाय

वहिनीला कोल्हापूरला न्यायचं ठरलं तेव्हा मी चुलीपाशी घावणे काढत होते, आणि गाडी दारात येऊन उभी राहिली तरी काढतच राहिले. जायच्या आधी कुणीतरी दोन घास खाल्ले पाहिजेत, एवढंच मला सुचत होतं. कुणी खाल्लं नाही. वहिनीची तिसरी खेप, सातवा महिना, पायांवर सूज आणि रक्तदाब काही केल्या खाली येईना. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता थांबू नका. तिचं माहेर नाटे गावचं, पण तिची आई स्वतःच अंथरुणाला खिळलेली, म्हणून सोबतीला माझी आई गेली. दादा दोघींना पोचवून परत आला आणि लगेच बोटीवर गेला. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, मासेमारी सुरू झाली होती, आणि तो तांडेल असल्यामुळे सुकाणू त्याच्याच हातात. त्याच्याशिवाय बोट बंदरातून हलत नव्हती. वडील आमच्या लहानपणीच गेले. तेव्हा घरात उरलो आम्ही तिघं: मी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेली, दादाचा मुलगा ओम्या, नुकताच पहिलीत गेलेला, आणि त्याची बहीण चिमी, जिला अजून धड वाक्यं जुळवता येत नव्हती.

घर बंदराच्या वरच्या अंगाला, चिऱ्याचं. पुढे पडवी, मागे परडं, आणि परड्याला दगडावर दगड रचून केलेला गडगा. पावसाळ्यात त्या गडग्यावर इतकं शेवाळ चढायचं की दगड दिसायचे नाहीत. खालून दिवसभर बर्फाच्या कारखान्याची घरघर ऐकू यायची, आणि पहाटे बोटी निघायला लागल्या की भांड्यांच्या फळीवरचे पेले किणकिणायचे. पण आमच्या घराची खरी ओळख म्हणजे मीठ. आई बंदरावरून बांगडे आणून खारवायची आणि विकायची. पडवीत मिठाची पिंपं, कोपऱ्यात पोती, आणि पावसाळी हवेत त्या पोत्यांना पाणी सुटून ते जमिनीवर ओघळत राहायचं. आमचे हात खारट, उंबरठा खारट, दाराच्या कड्यासुद्धा खारट. वाळत घातलेल्या कपड्यांवरही ओठ टेकवला तर चव लागायची. या घरात, मीठ लागताच मरणारी गोगलगाय पाळायची म्हणजे काय, हे मला आता लिहितानाही अवघड वाटतं.

ती ओम्याला सापडली परसदारच्या धुण्याच्या दगडावर. वहिनी गेल्यापासून त्याचं खाणं कमी झालं होतं. शाळेतून आला की तो गडग्यापाशी जाऊन बसायचा, आणि मी आतून दर थोड्या वेळाने हाक मारून तो तिथेच आहे ना, हे पाहायची. मी जात्याच घाबरट. लहानपणी बोटीला उशीर झाला की मी बंदरावर जाऊन उभी राहायची. आता तर दोन मुलं माझ्या भरवशावर होती. त्या दिवशी ओम्या स्वतःहून आत आला. त्याच्या तळहातावर तपकिरी शंख होता, माझ्या अंगठ्याएवढा, आणि त्यातून एक ओलं, राखाडी डोकं बाहेर यावं की नाही याचा अंदाज घेत होतं.

"हा तांडेल आहे," ओम्या म्हणाला. "ह्याची बोट ह्याच्या पाठीवरच आहे. म्हणजे त्याला घर सोडून जायला लागत नाय."

माझ्या मनात पहिलं आलं ते एवढंच की याच्या हाताला मीठ लागलेलं असेल. मी त्याचा हात तसाच धरून नळाखाली नेला.

मग त्या गोगलगायीचा संसार मांडायचं काम माझ्याकडे आलं. लोणच्याची रिकामी बरणी होती, पण लोणच्यातही मीठच. मी ती गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली, वास घेतला, बोट फिरवून चाटून पाहिलं, आणि तरी समाधान झालं नाही म्हणून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली. परड्यातली माती घातली तीही गडग्याच्या पलीकडची, जिथे पडवीचं पाणी जात नाही. वरून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दोऱ्याने बांधला. ओम्याने काकडीचे काप घातले, टाकळ्याची कोवळी पानं घातली. शंख घट्ट व्हावा म्हणून चुना लागतो असं त्याला शाळेत कुणीतरी सांगितलं, तर तो किनाऱ्यावरून माकुलाचं पांढरं हाड घेऊन आला, समुद्रफेस म्हणतात ते. तेही खारट, म्हणून मी ते उकळलं. मी गोगलगायीसाठी हाड उकळते आहे हे शेजारच्या शेवंताकाकीने बघितलं. दुसऱ्या दिवशी ती बोलायला आली. असली ब्याद घरात ठेवू नये, त्यांच्या अंगात किडे असतात, लेकरांच्या घरात तर नकोच, चिमूटभर मीठ टाक आणि मोकळी हो, असं तिचं म्हणणं. तिचा स्वतःचा भाजीचा वाफा गोगलगायींनी दोनदा साफ केला होता, त्यामुळे तिचा रागही खरा होता.

मी टाकलं नाही, कारण ओम्या जेवायला लागला होता. तांडेलाला काकडी घातली की तोही शेजारी बसून पेज आणि सुकट खायचा. घर शांत असलं, बर्फाचा कारखाना बंद असला, की बरणीला कान लावून तो तांडेलाचं चावणं ऐकायचा. मलाही ऐकवलं. अगदी बारीक, कोरड्या कागदावर नख ओढावं तसा आवाज होता तो. चिमीला वास घ्यायचा असे, हात लावायचा असे, आणि मी नियम केले: चिमीने फक्त बघायचं, ओम्याने हात लावायच्या आधी हात धुवायचे, ते मिठासाठी, आणि नंतरही धुवायचे, ते आमच्यासाठी. साबणाची वडी आठवडाभरात संपायला लागली. दिवसातून एकदा तांडेलाला बाहेर काढून केळीच्या पानावर पाणी शिंपडून आंघोळ घालायची, हा ओम्याचा नियम. आंघोळ चालू असताना तो त्याला घरच्या बातम्या सांगायचा. आज आजीचा फोन आला. आईचं वजन वाढलंय. बाबा उद्या येणार, मासळी मिळाली तर.

फोन हा एक वेगळाच ताप होता. माझ्याकडे दादाचा जुना, बटणांचा मोबाइल, आणि कोल्हापूरला एकच फोन, वहिनीचा. लावला की कोण उचलेल सांगता येत नसे. आईने उचलला तर ती वॉर्डच्या बाहेर जाऊन खरं काय ते सांगायची: आज डोकं दुखत होतं, आज बाळाचे ठोके पुन्हा तपासले, डॉक्टर म्हणतात दोघांचंही बघावं लागेल. वहिनीने उचलला तर ती फक्त विचारायची. चिमी जेवली का, ओम्याने अभ्यास केला का, पडवीतल्या लादीवर कुणी घसरलं नाही ना. मी सगळ्याला हो-नाही करायची, आणि ओम्या माझ्या समोर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत असायचा. पलीकडचं त्याला ऐकू येत नसे, तरी त्याला बरंच कळत होतं.

ते घडलं सकाळी. शाळेला सुट्टी होती. ओम्याने तांडेलाला पडवीत पानावर ठेवलं होतं आणि पाण्याचा तांब्या आणायला तो आत आला. मी तव्यावर घावण उलटत होते. चिमी माझ्यापासून चार हातांवर, दारातच बसलेली. तिने आवाज केला नाही. उलट ती इतकी गप्प झाली की मी वळून पाहिलं. तिचं तोंड भरलेलं होतं. हनुवटीवरून चकचकीत ओघळ उतरत होता आणि ती मोठ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती, हे थुंकावं की गिळावं असा विचार करत असल्यासारखी. मी बोट घालून तो शंख बाहेर काढला. जवळजवळ आख्खा होता. कडेला एक लहानसा तुकडा उडाला होता, तो काही सापडला नाही. मी तिचं तोंड धुतलं, जीभ पुसली, पुन्हा धुतलं, आणि तिला तशीच कडेवर घेऊन, तवा चुलीवर ठेवून, ओम्याचा हात धरून रस्त्यावर रिक्षा बघत उभी राहिले. घावण जळल्याचा वास कोपऱ्यापर्यंत येत होता. तवा शेवंताकाकीने उतरवला, हे मला नंतर कळलं.

लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी चिमीचं तोंड बघितलं, पोट बघितलं, आणि मला समोर बसवून नीट सांगितलं. बहुतेक काहीच होत नाही, मुलं काय काय तोंडात घालतात. पण गोगलगायीतून कधी कधी, क्वचितच, एक प्रकारची अळी पोटात जाते आणि ती मेंदूपर्यंत त्रास देऊ शकते, म्हणून पुढचे काही आठवडे लक्ष ठेवायचं. ताप, उलट्या, फार झोप येणं, मान ताठ होणं, यातलं काही दिसलं तर लगेच घेऊन यायचं. मान ताठ झाली हे कसं ओळखायचं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, हनुवटी छातीला टेकते का बघ. एवढी लहान पोर मुद्दाम सांगून ऐकणार नाही, तर तिला तिची बेंबी दाखवायला सांग. ती बघायला वाकली म्हणजे मान ठीक आहे.

त्या दिवसापासून माझ्या तोंडी एकच वाक्य. चिमे, बेंबी कुठाय? उठल्यावर, आंघोळीला, जेवताना, दुपारी झोपवताना. ती फ्रॉक वर करायची, वाकायची आणि बोट ठेवून हसायची, आणि माझा श्वास सुटायचा. आज माझा मुलगा दहावीत आहे. त्याला कणकण आली की मी अजूनही त्याला म्हणते, जरा बेंबीकडे बघ. तो बघतो बिचारा. का ते त्याला ठाऊक नाही.

आईला मी त्याच दुपारी फोन केला. नशिबाने तिनेच उचलला. मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं.

"मी येऊ का बायो?" आई म्हणाली.

मला हो म्हणायचं होतं. वहिनीला सकाळीच चक्कर आली होती, हे आईने त्याच फोनवर आधी सांगितलं होतं. आई तिथून निघाली असती तर वहिनीजवळ कोणी उरलं नसतं, आणि का निघाली हे वहिनीला सांगावं लागलं असतं.

"नको," मी म्हटलं. "मी बघते इथलं."

आईने पुन्हा विचारलं नाही. वहिनीला काही सांगणार नाही, एवढं म्हणून तिने फोन ठेवला. दादाची बोट बाहेर होती. त्याला कळायचा काही मार्गच नव्हता. त्या दुपारी घरातल्या वस्तू मला निराळ्या दिसायला लागल्या. पलंगाची कड, विहिरीचा कठडा, चिमीच्या गळ्यातला काळा दोरा, कशाने काय होईल हेच मी बघत होते.

ओम्याने बरणी स्वतःच नेऊन परसदारी, पाणी तापवायच्या चुलीमागे ठेवली. आंघोळीचा नियम त्याने बंद केला. काकडी घालत होता, पण घाईने, आणि लगेच हात धुऊन यायचा. मी त्याला रागावले नव्हते. मला वाटलं, तेवढं पुरेसं आहे.

ताप आला तो सगळं निवळलंय असं वाटायला लागल्यावर, दादा पुन्हा समुद्रात असताना. चिमी सकाळीच किरकिरत उठली, पेजेचा घास थुंकून टाकला आणि अंगाला हात लावला तर चटका बसला. मी म्हटलं, चिमे, बेंबी कुठाय? तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली नाही. मी फ्रॉक वर केला, पोटावर गुदगुल्या केल्या, माझी हनुवटी माझ्या छातीला लावून दाखवली. ती ओरडली आणि डोकं मागे टाकून रडायला लागली. डॉक्टरीणबाईंना फोन लावला तर त्या दुसऱ्या हॉस्पिटलात एका बाळाला बघत होत्या; अर्ध्या तासात दवाखान्यात येते, तू निघ, म्हणाल्या. शेवंताकाकी धावत आली. तिने चिमीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि पुटपुटली की मी आधीच सांगितलं होतं, मीठ टाकलं असतं तर ही वेळ आली नसती. तिच्या मनात वाईट नव्हतं. घाबरली की ती रागावल्यासारखी बोलायची. तिने रिक्षा आणायला आपल्या मुलाला पिटाळलं, आणि मी ओम्याला हाक मारली. ओ आली नाही.

पडवीत नव्हता, माजघरात नव्हता. गडग्याच्या पलीकडून उतार सरळ बंदराकडे जातो. माझं मन आधी तिकडे धावलं. पण तो मागच्या दारीच होता, धुण्याच्या दगडापुढे उकिडवा बसलेला. बरणी उघडी होती. तांडेल दगडावर होता, पूर्ण बाहेर आलेला, शिंगं लांब करून सावकाश पुढे सरकत होता. ओम्याची उजवी मूठ त्याच्यावर धरलेली होती आणि बोटांच्या फटीतून ओलं मीठ डोकावत होतं. त्या हाताच्या तळव्याला दोन दिवसांपूर्वी खरचटलं होतं. मीठ झोंबत असणार. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मूठ त्याने सोडली नव्हती.

"आत्या," तो वर न बघता म्हणाला, "ह्याला मीठ घातलं की चिमी बरी होईल ना?"

रिक्षा कोणत्याही क्षणी येणार होती. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझाही त्या गोगलगायीवर जीव नव्हता. घाल म्हटलं असतं तर एका मिनिटात सगळं संपलं असतं, आणि त्या पोराला निदान आपण काहीतरी केलं असं वाटलं असतं. पण चिमी बरी झाली नसती तर? आणि झाली असती, तरी?

"नाही," मी म्हटलं. "त्याने बरी होणार नाही."

"मग आई?"

"आईसुद्धा नाही."

"त्याच्यामुळे झालं ना पण?"

"चिमीने त्याला उचलून तोंडात घातलं. तो आपणहून गेला नव्हता. तूही घातला नव्हतास."

"मग त्या बऱ्या कशाने होणार?"

"मला माहीत नाही ओम्या. डॉक्टरांना विचारायला चाललोय. चल, हात धू."

त्याने मूठ उघडायची म्हटली तर बोटं आखडली होती. मी ती एकेक करून सोडवली, हात लांब नेऊन नळाखाली धरला, आणि पाणी लागल्यावर तो मोठ्याने रडला, वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. मग त्याने डाव्या, स्वच्छ हाताने तांडेलाला उचलून बरणीत ठेवलं आणि जाळी बांधली. गाठ मारायला त्याला बराच वेळ लागला. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि तरी मी त्याला घाई केली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चिमीला टेबलावर झोपवलं, मानेखाली हात घालून हळूच डोकं उचललं. चिमी किंचाळली. त्यांनी पुन्हा करून बघितलं, पाय वाकवून बघितले, डोळ्यांत बघितलं, आणि मग कानात ती लहान बॅटरी घातली. डाव्या कानात बराच वेळ बघत राहिल्या. कान आतून लाल होऊन फुगला होता आणि त्याखाली मानेत गाठ आली होती. म्हणून मान हलवताना दुखत होतं. मान ताठ नव्हती. तरी त्यांनी रक्त तपासायला घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत आम्हाला तिथेच बसवून ठेवलं. औषधाने ताप उतरायला लागल्यावर ओम्या टेबलाजवळ गेला आणि त्याने, माझ्याही आधी, विचारलं, "चिमे, बेंबी कुठाय?" ती वैतागून त्याच्याकडे बघत राहिली. मग वाकली.

रक्तात काही निघालं नाही. पुढेही काही झालं नाही. पण ते आठवडे सरेपर्यंत मी नीट जेवले नाही, हे शेवंताकाकीच्या लक्षात आलं. ती रोज काहीतरी घेऊन यायची, कधी भारंगीची भाजी, कधी हळदीच्या पानातले पातोळे, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहायची. बरणीबद्दल ती पुन्हा बोलली नाही.

वहिनीचं बाळंतपण आठव्यात करावं लागलं. मुलगी झाली, दोन्ही तळहातांत मावेल एवढी, आणि पुष्कळ दिवस काचेच्या पेटीत होती. तोपर्यंत पाऊस ओसरला. हवा कोरडी झाली तसा तांडेल शंखात शिरला आणि तोंडाशी कागदासारखा पातळ पडदा धरून बसला. ओम्याला वाटलं तो मेला. मलाही तेच वाटलं, पण पडदा आतून नवा होता, मेलेलं काही पडदे बांधत नाही, असं मी त्याला म्हटलं. आम्ही त्याला गडग्याच्या सावलीतल्या एका फटीत, पानं घालून ठेवलं. ओम्या शाळेत जाताना तिथे बघून जायचा. पुढच्या पावसात फट रिकामी होती. परड्यात गोगलगायी पुष्कळ होत्या, त्यातला तांडेल कोणता हे त्याला ओळखता आलं नाही. तो दिवसभर शोधत राहिला, नंतर विसरला.

वहिनी आली ती त्याच वर्षी, दसऱ्यानंतर. दादा गाडीतून उतरून बाळाला घेऊन पुढे झाला, मागून आई, आणि आईचा हात धरून वहिनी. ती इतकी वाळली होती की मला आधी तिची साडीच दिसली. ओम्या धावत जाऊन तिच्या कमरेला चिकटला. चिमी माझ्या मागे लपली. वहिनी पडवीत बसली, तिने हात पुढे केले आणि हाक मारली, आणि चिमीने माझ्या ओढणीत तोंड खुपसून म्हटलं, "आत्या." वहिनी हसली, पण तिचे हात तसेच राहिले, आणि मग हळूहळू मांडीवर आले. मी चिमीला उचललं, वहिनीच्या मांडीवर बसवलं, तिची बोटं माझ्या ओढणीतून सोडवली आणि मागच्या दाराने परड्यात गेले. ती रडली, चांगलीच रडली, माझ्या नावाने. मी दोरीवरचे कपडे काढत राहिले. वाळलेले काढून झाल्यावर ओलेही काढले. आत रडणं चढलं, उतरलं, पुन्हा चढलं, आणि केव्हातरी थांबलं.

मग वहिनीची हाक आली. "नंदा, हिला भूक लागलीय बहुतेक. काय खाते ही आता?"

पेज, दोन चमचे तूप घालून, जरा कोमट, आणि माझ्याच हातून. दुसऱ्या कुणाकडून ती घास घेत नव्हती.

"तुम्ही द्याल ते खाईल, वहिनी," मी म्हटलं, आणि ओले कपडे पुन्हा दोरीवर घालायला लागले.